उदयंपेरूरची धर्मसभा (इ. स. १५९९) व तिच्या निर्णयपत्राचें मोल

धर्मविषयक वादाचा निर्णय सभा भरवून करण्याची चाल आपल्या देशांत जुनी आहे. ब्रह्मसभांचीं निर्णयपत्रें, गोतसभांचे महजर आणि क्षेत्रस्थ पंडितांचीं संमतिपत्रें आमच्या वाचकांच्या नित्य पाहण्यांतलीं आहेत. ख्रिस्ती धर्मांतही हीच चाल आरंभापासून चालत आली असून तिचे कागद विपुल आहेत. त्यांतील कांहीं कागदांचा संबंध थेट आपल्या पश्चिम किनाऱ्याशीं पोंचतो. कारण सोळाव्या शतकांत गोवें हें पूर्वेकडील सर्व पोर्तुगीझ ख्रिस्ती मंडळींचें मुख्य धर्मपीठ होतें. त्या पीठाच्या आर्चबिशपानें इ. स. १५९९ मध्यें मलबारांत उदयंपेरूर येथें जी धर्मसभा भरविली, तिचा विचार प्रस्तुत लेखांत योजिला आहे. पोर्तुगीझ लेखक या गांवास ‘दियांपेर’ म्हणतात.

या सभेविषयीं सामान्यतः दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक, तिनें मलबारच्या प्राचीन ख्रिस्ती समाजास रोमच्या पूर्ण आज्ञेंत आणिलें. दुसरी, तिनें त्या समाजाचे सुर्यानी ग्रंथ जाळविले. दोन्ही गोष्टींना आधार आहे. परंतु हा ‘सभेचा निर्णय’ म्हणजे नेमका कोणाचा निर्णय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारल्यावांचून निर्णयपत्राचा अर्थ लागत नाहीं, असें आमचें मत झालें आहे.

सभा निर्णय कसा करिते

प्रथम ख्रिस्ती सभांचे प्रकार सांगितले पाहिजेत. सर्व जगांतील बिशपांची ती महासभा. एका आर्चबिशपाच्या हाताखालील बिशपांची ती प्रांतसभा. आणि एका बिशपानें आपल्या क्षेत्रांतील पुरोहितांस बोलावून भरविलेली ती क्षेत्रसभा. नांवें सारखीं वाटलीं तरी तिहींत निर्णयाचा अधिकार निरनिराळ्या ठिकाणीं असतो. महासभेंत व प्रांतसभेंत जमलेल्या बिशपांस मताचा अधिकार आहे. क्षेत्रसभेंत मात्र निर्णय देणारा एकटा बिशप. पुरोहितांनीं सल्ला द्यावा, निर्णय बिशपाचा. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे.

महासभांतही मतें घेण्याची रीत एकच राहिली नाहीं. इ. स. ३२५ मध्यें बादशहा कॉन्स्टंटाइन यानें निकीया येथें पहिली महासभा बोलाविली. परंपरेनें तेथील बिशपांची संख्या ३१८ सांगतात. या सभेचा श्रद्धालेख, वीस नियम व एक पत्र एवढेंच आज उपलब्ध आहे. वादविवादाचें टिपण नाहीं. म्हणजे निर्णय राहिला, निर्णयाची वाट बुजली. पुढें कॉन्स्टान्स येथील सभेंत (इ. स. १४१४–१४१८) मतें डोकीं मोजून न घेतां राष्ट्रवार घेतलीं. ट्रेंट येथील सभेंत (इ. स. १५४५–१५६३) पुन्हां प्रत्येक बिशपाचें स्वतंत्र मत घेण्यांत आलें. तेथें एखादा विषय आधीं धर्मशास्त्र्यांच्या बैठकींत, मग बिशपांच्या साधारण बैठकींत चर्चिला जाई, मसुदे पुनःपुन्हां बदलत, आणि शेवटीं समारंभपूर्वक अधिवेशनांत प्रत्येकजण ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असें सांगे. याउपर इ. स. १५६४ च्या जानेवारींत पोप चौथा पायस यानें ते ठराव कायम केले.

शेवटच्या समारंभाची नोंदच तेवढी पाहिली तर वाचक किती फसतो, याचें अर्वाचीन उदाहरण व्हॅटिकन येथील इ. स. १८७० च्या सभेचें आहे. पोपच्या अस्खलनीयतेच्या ठरावावर ता. १८ जुलै रोजीं ५३३ मतें अनुकूल व अवघीं दोन प्रतिकूल पडलीं. परंतु पांच दिवस आधीं, ता. १३ रोजीं घेतलेल्या चांचणींत ४५१ अनुकूल, ८८ प्रतिकूल व ६२ सशर्त अनुकूल अशीं मतें होतीं. विरोधकांपैकीं पुष्कळांनीं शेवटच्या दिवशीं हजर राहण्याऐवजीं रोम सोडणें पत्करिलें. १८ तारखेचा कागद खोटा नाहीं. पण १३ तारखेच्या कागदावांचून तो अपुरा आहे.

गोव्याच्या प्रांतसभा

ट्रेंटच्या सभेनें इ. स. १५६३ च्या नोव्हेंबरांत असा नियम केला कीं, प्रांतसभा दर तीन वर्षांनीं व क्षेत्रसभा दरसाल भरावी. पूर्वेकडे अंतरें मोठीं व प्रवास मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असल्यामुळें हा नियम तंतोतंत पाळणें शक्य नव्हतें. तथापि गोव्यांत इ. स. १५६७, १५७५, १५८५, १५९२ व १६०६ अशा पांच प्रांतसभा भरल्या. पहिल्या सभेचे ठराव गोव्यांतच इ. स. १५६८ मध्यें छापले गेले. आपल्या देशांतील अगदीं आरंभींच्या मुद्रित ग्रंथांत त्यांची गणना होते.

पहिल्या सभेच्या ठरावांत दोन सूर एकत्र ऐकूं येतात. आरंभींच ती सभा म्हणते कीं, कोणासही धाकानें वा जुलमानें धर्मांत आणूं नये. पण पुढें तीच सभा राजसत्तेपाशीं मागते कीं, हिंदूंचे पुरोहित व उपदेशक यांस हद्दपार करावें, त्यांचे धर्मग्रंथ हस्तगत करावे, आणि जाहीर धर्मविधि बंद करावे. सभेस स्वतः दंड करण्याचें सामर्थ्य नव्हतें. व्हाइसरॉय आंतांव द नोरोन्य यानें ता. ४ डिसेंबर १५६७ रोजीं हुकूम काढून ठरावांस कायद्याचें बळ दिलें, तेव्हां ते रयतेवर लागू झाले. म्हणून १५६७ चा ठराव व व्हाइसरॉयचा हुकूम हे दोन कागद एकाच प्रकरणाचे दोन भाग समजून वाचले पाहिजेत. पहिल्यांत धर्माध्यक्षांची इच्छा आहे, दुसऱ्यांत सरकारचा हात आहे.

तिसऱ्या सभेशीं (१५८५) आमच्या विषयाचा जवळचा संबंध आहे. या सभेंत मलबारच्या अंगमाली क्षेत्राचा मेट्रोपोलिटन मार अब्राहाम हा स्वतः येऊन बसला होता. अंगमालीचे सुर्यानी ग्रंथ लॅटिन ग्रंथांच्या धोरणानें सुधारावे, व त्या कामीं सुर्यानी जाणणारा एक जेसुइट पाद्री मार अब्राहामाच्या साह्यास द्यावा, असें तेथें ठरलें. तो पाद्री म्हणजे फ्रान्सिस्को रोझ. घरीं परतल्यावर मार अब्राहामानें या ठरावांची बजावणी केली नाहीं, आणि इ. स. १५९२ च्या सभेचें बोलावणें आलें तेव्हां तो गेलाही नाहीं.

मलबारचे नसरानी

मलबारच्या या समाजाची थोडी ओळख देणें अवश्य आहे. आपल्यास हा धर्म येशूचा शिष्य सेंट थॉमस यानें दिला अशी त्यांची परंपरा आहे. त्यांना ‘नसरानी’ म्हणत. त्यांचे बिशप शतकानुशतकें मेसोपोटेमियांतील पूर्व सुर्यानी पीठाकडून येत आणि उपासनेची भाषा सुर्यानी असे. बिशप परदेशी, बहुधा मलयाळम न जाणणारा. त्यामुळें समाजाचा खरा कारभार आर्चडीकन या एतद्देशीय अधिकाऱ्याच्या हातीं असे. पुरोहितांस ‘कत्तनार’ म्हणत.

या समाजांत निर्णयाची स्वतःची एक रीत होती. प्रत्येक देवळाचे कत्तनार व त्या देवळाखालील कुटुंबांचे प्रमुख मिळून जी सभा भरे, तिला ‘पळ्ळियोगम्’ म्हणत. देवळाचें उत्पन्न, पुरोहिताची नेमणूक, आचारभ्रष्टाचें शासन इत्यादि बाबी तेथें ठरत. सर्व समाजाचा प्रश्न असल्यास निरनिराळ्या देवळांचे लोक एकत्र जमून विचार करीत. आमच्याकडील गोतसभेशीं या संस्थेचें साम्य उघड आहे. बिशपानें मंत्र म्हणावा, पण समाजाचें ठरविणें समाजानें करावें, असा हा प्रघात होता.

इ. स. १५९७ मध्यें मार अब्राहाम वारला. आर्चडीकन जॉर्ज हा क्षेत्राचा कारभार पाहूं लागला. बाबिलोनच्या पीठाकडून नवा बिशप येण्यापूर्वींच हें क्षेत्र गोव्याच्या अंमलाखालीं आणावें, असा निश्चय आर्चबिशप अलैशु द मेनेझिस यानें केला. हा ऑगस्टीनी पंथाचा संन्यासी, मोठ्या घराण्यांतला, इ. स. १५९५ मध्यें गोव्यास आलेला. पुढें इ. स. १६०७ ते १६०९ पर्यंत पोर्तुगीझ हिंदुस्थानचा गव्हर्नर म्हणूनही त्यानेंच काम पाहिलें. यावरून त्याच्या वजनाची कल्पना येईल. इ. स. १५९८ च्या अखेरीस तो गोव्याहून निघाला व १५९९ च्या फेब्रुवारींत कोचीस पोंचला. पुढील चार महिने त्यानें गांवोगांव देवळें पाहिलीं, उपदेश केला, अनेक तरुणांस कत्तनारपदाची दीक्षा दिली, आणि स्थानिक राजांशीं बोलणीं केलीं. आर्चडीकननें प्रथम विरोध केला. शेवटीं मेनेझिसच्या अटी मान्य करून तो शरण आला. तेव्हां सभेचें बोलावणें निघालें.

सभेचा वृत्तांत

बोलावण्यांत सर्व कत्तनारांस यावयाची आज्ञा होती, आणि प्रत्येक ठिकाणच्या लोकांनीं आपले मुखत्यार निवडून पाठवावे असें होतें. ता. २० जून १५९९, रविवारीं, उदयंपेरूरच्या देवळांत सभेस आरंभ झाला व ता. २६ रोजीं ती संपली. जमलेल्यांची संख्या १५३ कत्तनार व ६६० गृहस्थ मुखत्यार, मिळून ८१३ अशी दिली आहे. सहा-सात दिवसांत नऊ प्रकरणें व सुमारें २०० कलमें मंजूर झालीं.

हे आंकडे शेजारीं ठेवून पाहावे. ट्रेंटची सभा मधलीं खंडें धरून अठरा वर्षें चालली होती. येथें श्रद्धेचीं तत्त्वें, सातही संस्कार, पुरोहितांचें ब्रह्मचर्य, देवळांची वांटणी, ग्रंथांची छाननी, स्त्रियांचा वारसा, हलक्या मानलेल्या जातींचा विटाळ, एवढे विषय एका आठवड्यांत आटोपले. हें शक्य झालें याचें कारण उघड आहे. कलमें सभेंत तयार झालीं नाहींत. तीं मेनेझिसनें फ्रान्सिस्को रोझ याच्या साह्यानें आधींच लिहून आणिलीं होतीं. निवडक कत्तनारांस तीं सभेपूर्वीं दाखविलीं गेलीं. सभेंत तीं वाचून दाखवावयाचीं एवढेंच राहिलें होतें.

वाचन कोणत्या भाषेंत झालें, हा पुढचा प्रश्न. मूळ मसुदा पोर्तुगीझ. आणि जमलेल्या ८१३ जणांपैकीं ती भाषा समजणारे थोडे. म्हणून पळ्ळुरुत्ती येथील जेकब नांवाच्या कत्तनारास दुभाषी नेमिलें, आणि त्याचें भाषांतर बरोबर होतें कीं नाहीं हें पाहण्यास रोझ व आंतोनियु तोश्कानु या दोघां जेसुइटांस बसविलें. श्रद्धेची कबुली प्रथम आर्चबिशपानें उच्चारिली, मग आर्चडीकननें मलयाळमांत, मग इतरांनीं.

पहिल्याच प्रकरणांत दोन नियम आहेत, त्यांकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. परवानगीवांचून कोणीं गांव सोडून जाऊं नये, असा एक. आणि सभेंतील विषयांवर आर्चबिशपाच्या माघारीं कोणीं वेगळ्या बैठकी भरवूं नयेत, असा दुसरा. सभेचा बंदोबस्त म्हणून हे नियम कोणासही साधे वाटतील. परंतु योगम् पद्धतीनें निर्णय करणाऱ्या समाजास आपसांत बसून खल करणें हाच निर्णयाचा गाभा. तोच येथें वर्ज्य झाला.

येथें आमचें अनुमान असें आहे कीं, उदयंपेरूरच्या देवळांत एकाच वेळीं दोन सभा भरल्या होत्या. मेनेझिसच्या दृष्टीनें ती लॅटिन धर्मशास्त्राप्रमाणें क्षेत्रसभा होती. तींत निर्णय देणारा तो एकटा, बाकीचे सल्लागार. ६६० गृहस्थांस मात्र, लॅटिन शास्त्रांत त्यांना मताचा अधिकार नसतांही, मुखत्यार म्हणून बोलाविलें होतें. त्यांच्या दृष्टीनें हा सर्व देवळांचा मोठा योगम् होता. तेथें समाजाचें ठरणें म्हणजे समाजानें ठरविणें. एकानें ‘मीं आज्ञा केली व यांनीं ऐकिली’ असें समजावें, आणि दुसऱ्यांनीं ‘आम्हांस विचारिलें’ असें समजावें, असा हा प्रकार. शेवटच्या सह्या दोन्ही अर्थांनीं खऱ्या होत्या. त्यामुळेंच पुढें त्यांचा अर्थ एक राहिला नाहीं.

ग्रंथांविषयींचीं कलमें

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस तिसरें प्रकरण सर्वांत महत्त्वाचें वाटेल. त्यांतील चौदाव्या कलमांत निषिद्ध ग्रंथांची नांवनिशीवार यादी आहे. येशूच्या बाळपणाची कथा, ‘मार्गनिथा’ म्हणजे ‘मोतीं’ या नांवाचा धर्मतत्त्वांचा ग्रंथ, पूर्वाचार्यांचें पुस्तक, रब्बान होर्मिज्द याचें चरित्र, स्वर्गांतून उतरलेलें म्हणून मानलेलें रविवारविषयक पत्र, शकुनांचीं व औषधमंत्रांचीं पुस्तकें, इत्यादि नांवें तींत आहेत. याच यादींत ‘सभांचें पुस्तक’ म्हणजे पूर्वींच्या धर्मसभांच्या निर्णयांचा संग्रहही आहे. एका सभेनें पूर्वसभांचा दप्तरखाना नाकारावा, हें इतिहाससंशोधकास विसरतां येण्याजोगें नाहीं.

सोळाव्या कलमानें आज्ञा केली कीं, सर्वांनीं आपले सुर्यानी ग्रंथ दोन महिन्यांच्या आंत तपासणीस हजर करावे. न करणारास बहिष्कार. तपासणीनंतर ग्रंथ दुरुस्त करावा किंवा नष्ट करावा असे दोन मार्ग होते. ‘सर्व ग्रंथ जाळण्याचा ठराव झाला’ असें जें सरसकट लिहितात, तें म्हणून शब्दशः बरोबर नाहीं. सभेनंतर मेनेझिसनें देवळोदेवळीं जो दौरा केला, त्यांत अंगमाली व इतर ठिकाणीं पुष्कळ ग्रंथ अग्नींत गेले हें मात्र खरें आहे. यादी हातीं असल्यामुळें काय गेलें याचीं नांवें तरी आपणांस कळतात. ज्यानें नाश केला त्याच्याच टिपणांतून नष्टाचा पत्ता लागावा, हा अनुभव जुन्या कागदांच्या शोधांत नवा नव्हे.

दुसरें कलम याहून विचार करण्याजोगें आहे. तें बायबलच्या सुर्यानी पाठाविषयीं आहे. नसरानींच्या प्रतींत योहानाच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभींची व्यभिचारिणी स्त्रीची कथा नाहीं. पेत्राचें दुसरें पत्र, योहानाचीं दुसरें व तिसरें, यहूदाचें पत्र व प्रकटीकरण हीं पुस्तकें नाहींत. म्हणून तीं लॅटिन पाठावरून घालावीं, असें कलमांत सांगितलें. हा निर्णय करणारांनीं उणीव म्हणजे लबाडी असें गृहीत धरिलें. आज पाठचिकित्सा सांगते तें निराळेंच. हीं पांच पुस्तकें ‘पेशित्ता’ या प्राचीन सुर्यानी भाषांतरांत मुळांतच नव्हतीं. आणि व्यभिचारिणीची ती कथा सर्वांत जुन्या ग्रीक प्रतींतही आढळत नाहीं. म्हणजे मलबारच्या लेखकांनीं कांहीं गाळलें नव्हतें. त्यांच्या परंपरेनें एक जुना पाठ जसाच्या तसा सांभाळिला होता. सभेनें बहुमतानें वा आज्ञेनें आचार ठरवावा. पण जुन्या पोथींत काय होतें तें हात वर करून ठरत नाहीं. तें पोथीशीं पोथी ताडूनच ठरतें.

या नाशांतून वांचलेल्या एका पोथीचा उल्लेख येथें उचित होईल. क्रांगनोर येथें इ. स. १३०१ मध्यें जखऱ्या नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलानें लिहिलेली सुर्यानी पाठसंहिता रोममधील व्हॅटिकन ग्रंथालयांत सुर्यानी संग्रहाच्या २२ व्या क्रमांकावर आहे. हिंदुस्थानांत लिहिलेल्या कालनिर्दिष्ट सुर्यानी पोथ्यांत ती सर्वांत जुनी ज्ञात आहे. ज्या रोमच्या नांवानें मलबारांत पोथ्या जाळल्या, त्याच रोमनें ही पोथी जपून ठेविली. तेव्हां केवळ दोषारोपानें हें प्रकरण संपत नाहीं.

निर्णयपत्राचे पाठ

आतां खुद्द निर्णयपत्राकडे वळूं. सह्या झालेली एक प्रत वैपिकोट्टा येथील जेसुइटांच्या पाठशाळेंत व एक अंगमालीच्या देवळांत ठेवावी, तसेंच देवळोदेवळीं मलयाळम प्रत असावी, असें सभेंत ठरलें. आजचे अभ्यासक मात्र बहुधा छापील पाठावर विसंबतात. हा पाठ प्रथम आंतोनियु द गोव्हैय यानें मेनेझिसच्या प्रवासवर्णनाबरोबर कोइंब्र येथें इ. स. १६०६ मध्यें प्रसिद्ध केला. गोव्हैय हा मेनेझिसच्याच पंथाचा संन्यासी असून त्याचा ग्रंथ धन्याच्या कीर्तीसाठीं लिहिलेला आहे, हें विसरूं नये. इंग्रजींत मायकेल गेडिस यानें इ. स. १६९४ मध्यें भाषांतर केलें. तो प्रॉटेस्टंट असल्यामुळें रोमवर आरोप करण्याकडे त्याचा कल. लॅटिनमध्यें राउलिन यानें रोम येथें इ. स. १७४५ मध्यें पाठ छापिला. आपल्याकडे कुन्हा रिवारा यानें गोव्यांत ‘आर्किव्हु पोर्तुगेझ-ओरिएंताल’ या मालेच्या चौथ्या भागांत, इ. स. १८६२ मध्यें, गोव्याच्या प्रांतसभांबरोबर उदयंपेरूरचेही ठराव एकत्र प्रसिद्ध केले. महाराष्ट्रांतील संशोधकास हा भाग सर्वांत सोयीचा आहे.

मलयाळम पाठाच्या प्रतीही केरळांत टिकून होत्या. त्या व पोर्तुगीझ पाठ ताडून पाहण्याचें काम विसाव्या शतकांत झालें. योनास तलियत यांनीं रोम येथें इ. स. १९५८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत असें प्रतिपादिलें कीं, मेनेझिसला ही सभा बोलाविण्याचा अधिकारच नव्हता, ती शास्त्रोक्त रीतीनें चालली नाहीं, आणि पोर्तुगीझ पाठांत सभेनंतर भर पडली आहे. पुढें स्कारिया जकारिया यांनीं मलयाळम पाठ संपादून तो अभ्यासकांस सुलभ केला. तलियत हे स्वतः कॅथॉलिक, आणि प्रबंध रोममधला. म्हणून त्यांचा निष्कर्ष परपक्षाचा म्हणून टाकून देतां येत नाहीं.

सभेच्या अधिकाराचा प्रश्न शाब्दिक नाहीं. पोप आठवा क्लेमेंट यानें मेनेझिसला मार अब्राहामाची चौकशी करण्याचा व तो वारल्यास क्षेत्राची तात्पुरती व्यवस्था लावण्याचा अधिकार दिला होता. तात्पुरती व्यवस्था लावणें आणि पीठ रिकामें असतां समाजाची उपासना, ग्रंथ व आचार बदलणें यांत अंतर आहे. एकानें पहिल्यांत दुसरें येतें असें मानिलें, दुसऱ्यांनीं तसें मानिलें नाहीं. आणि हा वाद अद्यापि चालू आहे.

परिणाम

फ्रान्सिस्को रोझ यालाच पुढें अंगमालीचा बिशप नेमिलें, इ. स. १६०१ मध्यें गोव्यांत त्याचा अभिषेक झाला. क्षेत्र गोव्याच्या हाताखालीं गेलें. आर्चबिशपपीठाचा जुना मान त्यास इ. स. १६०८ मध्यें परत मिळाला. वरकरणी सभेचा हेतु सिद्धीस गेला. परंतु अर्धें शतक जुळवून घेण्यांत गेलें, आणि ता. ३ जानेवारी १६५३ रोजीं मट्टांचेरी येथें नसरानींनीं जमून शपथ घेतली कीं, आर्चबिशप गार्सिया व जेसुइट यांची आज्ञा यापुढें मानणार नाहीं. हीच ‘कूनन् कुरिशु’ म्हणजे वांकड्या क्रुसाची शपथ. त्याच वर्षीं मे महिन्यांत आळंगाड येथें बारा कत्तनारांनीं आर्चडीकन थॉमस याच्या मस्तकीं हात ठेवून त्यास आपला बिशप केलें. या शपथेचा रोख पोपवर होता कीं केवळ जेसुइटांवर, यावर आजही मतभेद आहे. पण निर्णयाची रीत पाहिली तर ती उदयंपेरूरची नाहीं. लोकांनीं जमावें, आपसांत बोलावें, एकमुखानें शपथ घ्यावी, ही जुन्या योगमाचीच रीत आहे. १५९९ सालीं सह्या करणारांच्या मुलानातवंडांनीं ही शपथ घेतली. ज्या निर्णयास समाजाची सही होती पण समाजाचा खल नव्हता, तो टिकविण्यास सदैव बाहेरचें बळ लागलें. तें बळ सैल होतांच समाज दुभंगला, आणि तो दुभंग आजतागायत पूर्ण सांधलेला नाहीं.

उपसंहार

आमच्याकडील महजर उलगडला म्हणजे वरच्या अंगास हजर मजालसीचीं नांवें हुद्द्यांसह असतात. वादी-प्रतिवादींचीं करीनें, साक्षी, मग निवाडा, आणि खालीं ज्यास लिहितां येतें त्याची सही, ज्यास येत नाहीं त्याची नांगराची किंवा हत्याराची निशाणी. कोण होते, काय बोलले, कशावरून ठरलें, हें एकाच कागदांत सांपडतें. उदयंपेरूरच्या निर्णयपत्रांत हजर मंडळी आहे, सह्या आहेत, निवाडा तर आहेच. नाहीं तें प्रतिवादीचें करीना. मार अब्राहाम मेलेला, बाबिलोनचें पीठ बोलाविलेलें नाहीं, निषिद्ध ग्रंथांच्या बाजूनें कोणी उभा नाहीं.

म्हणून धर्मसभेचा निर्णय, मग तो लॅटिनमधला असो, पोर्तुगीझ असो, संस्कृत असो कीं मोडींतला असो, हातीं आला म्हणजे चार गोष्टी पाहाव्या, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. सभा कोणीं व कोणत्या अधिकारानें बोलाविली. मत देणारे कोण व नुसते ऐकणारे कोण. मसुदा केव्हां व कोणत्या भाषेंत झाला. आणि निर्णय अमलांत कोणाच्या बळानें आला. पहिल्या तिहींचीं उत्तरें कागदाच्या कडेला, मायन्यांत, सह्यांच्या क्रमांत व दुभाष्याच्या नांवांत मिळतात. चवथ्याचें उत्तर बहुधा दुसऱ्याच दफ्तरांत असतें. उदयंपेरूरच्या मलयाळम प्रती जुन्या संग्रहांतून बाहेर आल्या नसत्या, तर पोर्तुगीझ पाठ हाच सभेचा शब्द म्हणून आपण वाचीत राहिलों असतों. अशा दुसऱ्या बाजूच्या प्रती गोव्याच्या, कोंकणच्या व मलबारच्या घराघरांतून, देवळांतून व मठांतून अजूनही असूं शकतात. त्यांचा शोध घेणें व सांपडलेली प्रत, ती कितीही फाटकी असो, जशी आहे तशी नोंदून ठेवणें, हें काम आपल्यासारख्या मंडळांचें आहे.